उजळाईवाडीतनं विमान पकडायचं असेल तर

परवा इचलकरंजीच्या मावशीचा फोन आला, "कोल्हापुरातनं तिरुपतीला विमान जातंय म्हणं, आम्हा दोघांना जमंल काय रे?" तिला सांगता सांगता पाऊण तास गेला, तिकीट कसं काढायचं, बॅगेत काय न्यायचं, काकांचा गुडघा दुखतो तर जिना कसा चढायचा, पावसात विमान रद्द झालं तर काय. हेच प्रश्न मला ऑफिसमधे आणि गल्लीतबी लोक विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी स्वतः इथनं बऱ्याचदा गेलोय, आई-आण्णांना घेऊनबी गेलोय, आणि दोनतीनदा चांगला फटकाबी खाल्लाय.

आधी विमानतळ कुठं ते. उजळाईवाडीत, शहरापासनं साधारण ९ किलोमीटर, शिवाजी विद्यापीठाच्या पुढं शाहू टोल नाक्याकडनं गेलं की पुणे-बंगळूर हायवे लागतो, तिथनं जवळच. गोकुळ शिरगाव एमआयडीसी शेजारीच आहे त्यामुळं कामगारांची शिफ्ट सुटायच्या वेळी त्या बाजूला ट्रॅफिक असतं, हे ध्यानात ठेवा. स्टेशनवरनं किंवा सीबीएसवरनं (मध्यवर्ती बसस्थानक) रिक्षा नाहीतर कॅब हाच सरळ मार्ग. केएमटीनं, म्हणजे शहर बसनं, हायवेपर्यंत जाता येतं पण पुढं आत चालावं लागतं, एक पाठीवरची बॅग असली तर ठीक, दोन मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसं असली तर तो नाद करू नका. रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा आणि परत यायचं असेल तर त्याचा नंबर घेऊन ठेवा, कारण विमान नसतं त्या वेळी टर्मिनलबाहेर गाडी उभी असेलच असं नाही.

आता थोडा इतिहास, आणि हा मी उगीच सांगत नाही, तिकीट काढताना याचा उपयोग होतो, कसा ते पुढं कळेल.

हा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांचा. म्हणजे शाहू महाराजांचे चिरंजीव, १९२२ ते १९४० गादीवर होते ते. (फ्लॉरेन्सला १८७० साली गेले ते राजाराम महाराज वेगळे, लोक नेहमी घोळ करतात.) १९३९ साली, अजून देशातल्या मोठ्या मोठ्या शहरांना धड विमानतळ नव्हता तेव्हा कोल्हापूर संस्थानात धावपट्टी होती. मला याचा खरंच अभिमान वाटतो. वडलांनी रेल्वे, राधानगरीचं धरण, शिक्षण यासाठी आयुष्य घातलं आणि मुलानं आभाळातली वाट उघडली, आणि पुढच्याच वर्षी, १९४० च्या नोव्हेंबरात महाराज गेले. २०१८ मधे विधिमंडळानं या विमानतळाला त्यांचं नाव द्यायचा ठराव केला, ते योग्यच झालं, उलट फार उशिरा झालं.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट मात्र थांबत थांबत चाललेली आहे. धावपट्टी तेव्हा १३७० मीटरची, तेवढ्यात छोटीच विमानं उतरणार. बरीच वर्षं कारभार एमआयडीसीकडं होता, मग २०१३ ला एअरपोर्ट्स अथॉरिटीकडं गेला. मधल्या काळात किंगफिशरचं मुंबई विमान होतं, एटीआर म्हणजे दोन्ही पंखांवर फिरता पंखा असलेलं छोटं विमान, आमच्या ओळखीतले दोन उद्योजक त्यानं सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे. ती कंपनी अडचणीत आली, विमान बंद झालं, आणि मग २०१८ उजाडेपर्यंत इथनं नियमित प्रवासी विमानच नव्हतं. टर्मिनल होतं, धावपट्टी होती, विमान नाही. त्या काळात शहरात बैठका, निवेदनं, आंदोलनं किती झाली हे जुन्या लोकांना आठवत असेल.

उडान योजना आली तेव्हा चित्र बदललं. योजना साधी आहे, समजून घ्या. छोट्या गावच्या रूटवर विमान कंपनीनं ठरावीक सीटा, साधारण निम्म्या, कमी दरात विकायच्या (सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपयांच्या आसपास), आणि त्यात जो तोटा येईल तो सरकार भरून देतं, पण कायमचा नाही, ३ वर्षं. तीन वर्षं झाली की रूट स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. २०१८ मधे मुंबईचं छोटं विमान आणि डिसेंबरात अलायन्स एअरचं हैदराबाद-बंगळूर, २०१९ च्या मे महिन्यात इंडिगोचं हैदराबाद आणि तिरुपती, त्याच वर्षी ट्रूजेटचं मुंबई. मग ट्रूजेट बंद पडली, मुंबईचं विमान पुन्हा बंद झालं, २०२२ च्या ऑक्टोबरात स्टार एअरनं ते पुन्हा सुरू केलं. स्टार एअर म्हणजे घोडावत ग्रुपची, आपल्याच भागातल्या माणसांची कंपनी. पुढं अहमदाबाद, बंगळूर, नागपूर असे रूटबी जोडले गेले.

हे सगळं का सांगितलं तर मुद्दा असा, की कोल्हापूरचा रूट म्हणजे मुंबई-दिल्लीसारखा दगडावरची रेघ नाही. आज आहे म्हणून सहा महिन्यांनी असेलच असं धरून चालू नका, वार बदलतात, वेळ बदलते. शेजाऱ्यानं सांगितलं "अहो शनिवारी असतंय की विमान" म्हणून शनिवार धरून लग्नाची तारीख ठरवू नका. विमानांचं वेळापत्रक वर्षातनं दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. या दोन तारखांच्या पलीकडचं तिकीट फार आधी काढत असाल तर तारीख जवळ आली की परत एकदा बघा. मोठ्या विमानतळावर एक विमान हुकलं की दोन तासांनी दुसरं असतं, इथं दुसरं विमान म्हणजे उद्या किंवा परवा. सगळ्या सूचना याच एका गोष्टीवरनं निघतात.

तिकीट

शोधताना कोल्हापूर विमानतळाचा तीन अक्षरी कोड केएलएच (KLH). आधी कुठल्याबी ॲपवर बघा, पण काढताना शक्यतो कंपनीच्याच वेबसाइटवर काढा, दोनतीनशे रुपये इकडंतिकडं झाले तर होऊ देत, रद्द झालं तर पैसे मिळवताना मधला माणूस नसला की डोक्याचा ताप वाचतो.

आणि तिकिटावर मोबाईल नंबर स्वतःचा टाका. हे दहा वेळा सांगितलं तरी कमीच. माझ्या बाबतीत झालंय. एजंटकडनं चार तिकिटं काढली, त्यानं नंबर टाकला स्वतःचा, कंपनीनं विमानाची वेळ दोन तास अलीकडं आणली, मेसेज गेला त्याच्या फोनवर, आणि तो बहुतेक त्या दिवशी बहिणीच्या लग्नात होता. आम्ही जुन्या वेळेप्रमाणं आरामात पोचलो तर विमान धावपट्टीवर. आई काही बोलली नाही, नुसती बाकावर बसून राहिली, ते अजून आठवतं. वर नुकसानभरपाईबी नाही, कारण नियमच असा आहे की ज्यानं संपर्काची नीट माहिती दिलेली नाही त्याला ती मिळत नाही.

नाव आधारवर आहे तसंच्या तसं. कोल्हापुरात घरोघरी हा प्रॉब्लेम, आधारवर एक नाव आणि सगळे हाक मारतात दुसऱ्याच नावानं, लग्नानंतर आडनाव बदललेलं पण कार्ड जुनंच. तिकीट काढताना कार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर बघा. आधार, मतदान कार्ड, लायसन, पासपोर्ट यातलं एक मूळ कार्ड बरोबर ठेवा, झेरॉक्स चालत नाही. २ वर्षांच्या आतल्या बाळाला वेगळी सीट लागत नाही पण तिकिटात नाव घालावं लागतं आणि वयाचा पुरावा न्यावा लागतो, जन्मदाखला बरोबर ठेवा.

मुंबईचं तिकीट असेल तर आता आणखी एक बघायचं, तिकिटावर मुंबई आहे का नवी मुंबई. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासनं दोन कोड दिसतात, बीओएम म्हणजे सांताक्रूझ-अंधेरीकडचा जुना आणि एनएमआय म्हणजे पनवेलकडचा. तुमचं काम बांद्र्याला असेल आणि उतरलात पनवेलला तर विमानात वाचवलेला वेळ टॅक्सीत जाईल. उलट वाशी-खारघरला पोरं राहत असतील तर नवी मुंबई सोयीचं.

पुढं दिल्ली, चेन्नई, कोलकाता असं जायचं असेल तर एकाच कंपनीचं एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) तिकीट काढा, हैदराबाद किंवा बंगळूरवरनं. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात हे खरं, पण इथलं विमान तासभर उशिरा सुटलं आणि पुढचं चुकलं तर दुसरी कंपनी म्हणणार आमचा काय संबंध. एकाच पीएनआरवर असलं की पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी कंपनीची.

तिरुपतीवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण आपल्याकडं निम्मे लोक त्यासाठीच विचारतात. नवरात्रात तिरुमलाहून अंबाबाईला शालू येतो, बालाजीचं दर्शन झाल्यावर कोल्हापूरला आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं मानतात, ते नातं जुनं आहे. हरिप्रिया एक्सप्रेस आहेच, पण तिला जवळजवळ अख्खा दिवस लागतो आणि म्हाताऱ्या माणसांना ते झेपत नाही. तर क्रम असा ठेवा, आधी तिरुमला देवस्थानच्या वेबसाइटवर ३०० रुपयांच्या विशेष दर्शनाचा स्लॉट मिळतोय का बघा, तो मिळाला की मगच विमान. लोक उलटं करतात, स्वस्त तिकीट दिसलं म्हणून काढतात आणि दर्शनाचा स्लॉट मिळत नाही, मग तिथं रांगेत रात्र. विमान उतरतं रेणीगुंट्याला, तिथनं तिरुपती शहर आणि मग घाट चढून वर तिरुमला, गाडीनं तास-दीड तास धरा. विमान त्या दिवशी थेट आहे का हैदराबादवरनं बदलायचं आहे तेबी तिकिटावर नीट बघा, थेट सेवा नेहमी असतेच असं नाही.

आणि एक प्रामाणिक मत. पुण्याला जायचं असेल तर विमानाचा विचारच करू नका, वंदे भारत आहे, एसटी आहे, स्वतःची गाडी आहे. मुंबईला एकट्यानं कामाला जायचं असेल तर विमान लै भारी, तासाभरात पोचताय, पण चौघांचं कुटुंब सुट्टीला निघालं असेल आणि घाई नसेल तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री झोपून सकाळी पोचा, पैसे वाचतात आणि पोरांना मजाबी येते. हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद, नागपूर यांना मात्र विमानाला तोड नाही, एक अख्खी रात्र वाचते.

बॅग भरताना

साधारण १५ किलोची मोठी बॅग आणि ७ किलोची हातातली, पण ते तुमच्या तिकिटावर लिहिलेलं असतं तेच खरं, काही स्वस्त तिकिटांत मोठी बॅग नसतेच. घरी वजन करून निघा. काउंटरवर जादा किलोला पैसे मोजण्यापेक्षा दोन साड्या कमी नेलेल्या बऱ्या. विमान छोटं असल्यामुळं वरचे कप्पेबी छोटे, मोठ्या विमानात बसणारी चाकाची बॅग इथं कधी कधी बसत नाही, मग ती दाराशी घेऊन खाली ठेवतात, त्यात औषधं, दागिने, लॅपटॉप असेल तर आधी काढून घ्या.

आता आपल्या भागातल्या माणसांच्या बॅगेत काय काय निघतं ते. कांदा-लसूण चटणी, मिरची पूड, लोणचं हे हातातल्या बॅगेत अडवतात, मोठ्या बॅगेत टाका आणि दोन पिशव्यांत बांधून टाका, तेल सुटलं की सगळे कपडे लाल. सुकं खोबरं तर मोठ्या बॅगेतसुद्धा चालत नाही, त्यात तेल भरपूर असतं, पेट घ्यायचा धोका असतो म्हणून. जोतिबाचा प्रसाद म्हणून लोक खोबऱ्याच्या वाट्या भरतात आणि मशीनवर बॅग अडकते, देवाचा प्रसाद टाकून देताना माणसाला फार वाईट वाटतं, तेव्हा तो घरीच वाटून टाका. बालाजीला वाहायचा नारळ इथनं नेऊ नका, तिथंच घ्या. गूळ चालतो, कोल्हापुरी चपला चालतात, येताना लाडू आणायचे तर हातातल्या बॅगेत आणा म्हणजे चेंगरणार नाहीत.

आण्णांचा अडकित्ता गेला तो असाच. पानाची चंची कायम खिशात, मी विचारलंबी नाही आणि त्यांनाबी वाटलं नाही, तपासणीत निघाला. धारेची वस्तू, सोडणं शक्यच नाही, जवानानं अगदी नम्रपणे सांगितलं. आजोबांच्या काळचा पितळी अडकित्ता होता. तेव्हा निघायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसांचे खिसे, चंची, बटवा स्वतः बघा. अडकित्ता, छोटा चाकू, कात्री, नेलकटरमधलं पातं सगळं मोठ्या बॅगेत नाहीतर घरी. काडेपेटी आणि लायटर कुठल्याच बॅगेत नाही. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या बॅगेतच पाहिजे, मोठ्या बॅगेत टाकली तर बॅग उघडायला बोलावतात.

औषधं, चष्मा, साखर कमी होणाऱ्यांसाठी गोळी-बिस्कीट, इन्सुलिन, हे सगळं हाताशी. इन्सुलिनबरोबर डॉक्टरची चिठ्ठी ठेवा.

जायच्या दिवशी

आदल्या दिवशी वेब चेक-इन, म्हणजे कंपनीच्या साइटवर घरनंच हजेरी नोंदवून बोर्डिंग पास घेणं, ते करून टाका. सकाळी निघायच्या आधी कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून विमानाची स्थिती बघा, मेसेज आला नाही म्हणजे सगळं ठीक असं धरू नका.

पोचायचं किती आधी तर दोन तास पुष्कळ झाले. बहुतेक कंपन्या विमान सुटायच्या ६० मिनिटं आधी बॅगेचा काउंटर बंद करतात आणि इथं माणसं कमी असतात म्हणून शेवटच्या क्षणी जाऊन भागेल असं अजिबात नाही, कारण तेच चारपाच कर्मचारी आधी काउंटर सांभाळतात आणि मग विमानाकडं जातात. पण चार तास आधी जाऊन बसण्यातबी अर्थ नाही, मुंबईसारखी दुकानं आणि हॉटेलं इथं नाहीत. पोटभर नाष्टा घरनं करून निघा.

सांगली, मिरज, जयसिंगपूरकडनं येणाऱ्यांनी आणि पुणे बाजूनं येणाऱ्यांनी जास्तीचा वेळ धरा. हायवेचं काम चाललेलं असतं, डायव्हर्शन असतात. आणि जुलै-ऑगस्टमधे पंचगंगेची पातळी बघूनच निघा. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. विमानतळ उंचावर आहे, नदीच्या दक्षिणेला, तिथं विमान येईलबी, पण तुम्ही नदीच्या पलीकडं अडकलात तर काय उपयोग. धोक्याची पातळी जवळ आली असेल तर एक दिवस आधीच कोल्हापुरात पाहुण्यांकडं येऊन राहा.

टर्मिनल नवीन आहे. १० मार्च २०२४ ला पंतप्रधानांनी आझमगढवरनं ऑनलाइन उद्घाटन केलं, पुण्याचं नवीन टर्मिनलबी त्याच कार्यक्रमात झालं. जुनं टर्मिनल ज्यांनी बघितलंय त्यांना फरक कळेल, तिथं दोन विमानांची माणसं एकदम आली की उभं राहायला जागा नसायची. नव्याच्या दर्शनी भागाला जुन्या कोल्हापूरच्या दगडी कमानींचा तोंडवळा दिलाय, आत शिरताना भवानी मंडपाची आठवण येते. मला आवडलं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पाच मिनिटं बाहेर थांबून बघा.

आतला क्रम सोपा. दारात जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो, मग काउंटरवर मोठी बॅग द्यायची, तिथनं सुरक्षा तपासणी, मग बसायचं. तपासणीत फोन, पाकीट, पट्टा, पॉवर बँक, लॅपटॉप ट्रेमधे काढून ठेवायचं, बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करतात, आईला आधी तीच काळजी होती. बॅगेची पावती, म्हणजे तो छोटा स्टिकर, फेकू नका.

विमानात चढताना टर्मिनलमधनं थेट विमानात नेणारा बोगदा वगैरे नसतो, विमानाजवळ जाऊन जिन्यानं किंवा उतारानं चढायचं. एटीआर असेल तर दार मागच्या बाजूला असतं, त्यामुळं ज्यांना चालायचा त्रास आहे त्यांच्यासाठी मागची सीट घ्या, पुढची नको, लोक सवयीनं पुढची घेतात आणि मग अख्खं विमान चालत जावं लागतं. जेट असेल तर दार पुढं. दोन्हीत एका बाजूला दोनाहून जास्त सीटा नसतात, मधे अडकून बसायची भानगड नाही. एटीआरला पंखा असतो, आवाज जास्त येतो, ढगात थोडं हलतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. छोट्या धावपट्टीसाठीच ती विमानं बनवलेली आहेत.

गुडघा, कंबर, श्वासाचा त्रास असणाऱ्यांसाठी व्हीलचेअर मागा, लाजू नका. तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा आणि जिना चढता येणार नाही असं स्पष्ट सांगा, नुसतं व्हीलचेअर म्हटलं तर ते दारापर्यंतच धरतात.

पाऊस, उशीर, रद्द

आपल्याकडं पावसाळ्यात ढग खाली येतात, विमानतळावर दिसत नाही. पायलटला ठरावीक उंचीवर आल्यावर धावपट्टी दिसलीच पाहिजे, नाही दिसली की तो परत वर घेतो, एकदोन फेऱ्या मारतो, मग दुसरीकडं नेतो किंवा निघाला तिथं परत जातो. माझं एकदा असं झालंय, खाली उसाची शेतं मधेच दिसली, मधेच गेली, आणि शेवटी आम्ही परत हैदराबादला. राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्यानं योग्य केलं. म्हणून जून ते सप्टेंबर दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा, कोर्टाची तारीख, ऑपरेशन, परदेशचं विमान असं काही असेल तर एक दिवस राखून निघा.

धावपट्टी १३७० ची १९३० मीटर झाली, ती २३०० पर्यंत न्यायची आहे, तेवढी झाली की मोठी जेट पूर्ण भारानं येऊ शकतील. जमीन द्यावी लागलेल्या लोकांनी यासाठी खूप सोसलंय हेबी विसरू नये.

तुमचा हक्क काय तेवढं पाठ करा. विमान अडीच तासांच्या आतल्या प्रवासाचं असेल, आणि आपली सगळी तशीच आहेत, तर २ तासांच्या वर उशीर झाला की चहा-नाष्टा मागायचा. ६ तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा सगळे पैसे परत, निवड तुमची. आधी न कळवता ऐनवेळी रद्द केलं तर पैसे परत शिवाय भरपाई, तासाभराच्या प्रवासाला ५००० रुपयांपर्यंत (किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, जे कमी असेल ते). पण कारण हवामान असेल तर भरपाई नाही, पैसे परत किंवा दुसरं विमान मात्र मिळायलाच पाहिजे. काउंटरवर भांडण्यापेक्षा कारण काय ते मेसेजवर किंवा मेलवर लेखी घ्या, बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा, कंपनीनं दाद दिली नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. आणि तुम्ही स्वतः जाऊ शकला नाहीत, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी विमानतळाचं शुल्क आणि कर परत मिळतात, पुष्कळ लोक तेबी मागत नाहीत.

येताना

परतीचं विमान मोठ्या शहरातनं असतं, तिथं टर्मिनल कुठलं ते आदल्या दिवशी बघा, हैदराबादला एकच आहे पण मुंबई आणि बंगळूरला एकाहून जास्त आहेत आणि एकातनं दुसऱ्यात जायला वेळ जातो. कोल्हापूरचं विमान बहुतेक वेळा लांबच्या गेटवर, बसनं नेतात, त्यामुळं गेटवर वेळेत जाऊन बसा, कॉफी प्यायला लांब जाऊ नका.

खिडकीची सीट मिळाली तर उतरताना फोन ठेवून द्या आणि बाहेर बघा. हिवाळ्यात गुऱ्हाळांचा धूर सरळ वर चाललेला असतो, पंचगंगेची वळणं दिसतात. उतरल्यावर बॅग लगेच येते, पट्टा छोटाच आहे, घ्यायला येणाऱ्यांना विमान टेकल्यावर फोन केला तरी चालतो, राजारामपुरीतनं निघालेला माणूस तुमची बॅग येईपर्यंत पोचतो.

आणि दिल्ली-चेन्नईवरनं विमान बदलून येत असाल तर तिकडं बॅग देतानाच तिच्या टॅगवर केएलएच छापलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हैदराबादचा कोड छापला असेल तर बॅग तिथल्या पट्ट्यावर फिरत राहील आणि तुम्ही उजळाईवाडीत, मग ती पुढच्या विमानानं, म्हणजे उद्या नाहीतर परवा.